फोनातलं मोहटोला

...तर कोणी मानलंच नाही माझं! तुमाले सांगते, घसा बसेपर्यंत म्हणून राहिले, का बाप्पा, या फोनातल्या नकाशात आपलं मोहटोला गाव दुरून दिसते अन् जवळ गेलं का नाही. तर सून टीना हासली, शेजारची चंद्रभागाबाई हासली, अन् पोरगा भूपेंद्र म्हणे, आई, जवळ गेल्यावर जास्त दिसते, कमी नाही, तू चार बुकं शिकलेली, राहू दे. कायले राहू देऊ? गाव गेलं धरणाच्या पाण्यात, तरी दर अक्षयतृतीयेले आमी डोंगा घेऊन जातो, अन् आमची ओसरी जिथं बुडाली, बरोबर तिच्यावरच पितरांची घागर ओततो. दुसऱ्याच्या ओसरीवर ओतली, तर आपली माणसं तहानलेली राहतात ना! जागा ठाऊक होती आमच्या घरधन्याले. अन् ते यंदा पितरांतच जाऊन बसले. त्यांची ही पहिली घागर.

तर डोंगा पाण्याच्या मधात, भूपेंद्रच्या हाती फोन. दुरून पाहिलं, निळ्यावर मोहटोला, चांगलं छापलेलं. पोरानं बोटं फाकवली, म्हणे जवळ चाललो. आता डोंगा तर जागचा हालला नाही, मंग जवळ गेलं कोण? पाणी फुगलं, फुगतच गेलं, नाव मात्र तेवढंच्या तेवढं. मी म्हटलं, "कोणत्या अक्षराखाली आपली ओसरी रे? 'मो'खाली का 'ला'खाली?" त्यानं आणखी फाकवली... नाव गेलं. निस्तं निळं. चिमटलं, आलं. फाकवलं, गेलं. दुरून आहे, जवळ गेलं का नाही! आता मानतं का, म्हटलं, तर पोरगं मान खाली घालून वल्हं पुसत बसलं.

ही काय जवळ जायची रीत झाली? माणसाच्या जवळ गेलं का त्याच्या विडीचा वास येते, खोकला ऐकू येते, गालावरचा तीळ दिसते. इथं जवळ जा, अन् होतं तेही घालवून बसा. दुरून आहे, जवळ गेलं का नाही...

ऊन डोक्यावर आलं. फोन तापून बंद पडला. घागर मांडीवर घेऊन बसले होते, शेवटी अंदाजानं ओतली. कोणाच्या ओसरीवर गेली, कोणाले ठाऊक.

घरी आल्यावर पोरगा म्हणे चूक फोनची. फोननं काय ओसरी पाहिली होती? चंद्रभागाबाई म्हणे चूक पोराची. गाव बुडालं तेव्हा ते तर रांगत होतं. दरसाल डोंग्यात उभा राहून जो म्हणे, "थांब, खाली आपली ओसरी आहे," अन् कसं ओळखलं विचारलं तर, "मी आहो ना," म्हणून हासे, अन् खूण न सांगताच गेला, चूक त्याची. जन्मात नाव नाही घेतलं मी त्याचं. आज चारचौघांत घेते.

सुखराम.