इंजिन गार होईपर्यंत

नवरा : ...सगळं खरं, पण या बोटीचं छत आखूड आहे. त्याच्या बोटीला पार मागपर्यंत छत आहे.

बायको : कुणाच्या?

नवरा : कुणाच्या म्हणजे? तुझ्या पहिल्या नवऱ्याच्या. सव्वीस फूट आहे त्याची.

बायको : तू मोजलीस?

नवरा : मोजली कशाला... लेकीला सोडायला धक्क्यावर जातो, तेव्हा सहज पावलं टाकली.

बायको : सहज.

दलाल : साहेब, ही चोवीस फूट असली तरी पोटात रुंद आहे. चार माणसं, गळ, बर्फाची पेटी, सगळं मावून वर पाय पसरायला जागा. किनाऱ्याकिनाऱ्यानं कुठंही न्या. आठ वर्षं एकाच कुटुंबानं वापरलीय.

बायको : तो पेचकस द्या जरा. त्याच्या मुठीनं ठोकून बघते. इथं टणटणीत. इथंही. मागच्या फळीला... हं, चांगली आहे. बद्द आवाज आला असता तर आत पाणी मुरलंय समजायचं.

दलाल : वहिनी, तुम्ही तर आमच्याच धंद्यातल्या निघालात!

नवरा : शिकवणारा तसाच भेटला होता ना.

बायको : काय म्हणालास?

नवरा : कुठं काय? ठोक की, ठोक.

दलाल : साहेब, ते राहू द्या. किल्ली लावलेलीच आहे. इंजिन सुरू करून दाखवा वहिनींना.

नवरा : सरक जरा. बघ हं, एका दमात होतंय.

बायको : थांब! किल्ली फिरवू नकोस. आधी इंजिनावरचं झाकण उघडा.

दलाल : कशाला वहिनी, आत सगळं काळं तेल, हात खराब...

बायको : हात धुता येतात. उघडा. ...हे गरम आहे.

दलाल : ऊन किती आहे बघा ना.

बायको : झाकणाखाली ऊन? तासाभरात कुणीतरी चालवून बंद केलंय. गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवायचं, म्हणजे गार असताना किती कुरकुर करतं ते कळायला नको. चल रे, ऊठ. हे लपवणारा माणूस तळाचं भोकही लपवेल.

दलाल : पंचवीस वर्षं या धक्क्यावर आहे मी, असलं कुणाचं ऐकून घेतलं नाही. साहेब, तुम्ही सांगता की मी सांगू?

बायको : काय सांगायचंय?

दलाल : सकाळी यांचाच फोन आला. 'आम्ही दहाला येतो, नऊला इंजिन तापवून ठेवा, बायकोसमोर माझ्या हातून पहिल्या झटक्यात सुरू झालं पाहिजे.' घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी! मी बसतो शेडमध्ये. तुमचं तुम्ही बघा.

(दलाल जातो. दोघं बोटीतच बसून राहतात.)

नवरा : हस आता.

बायको : मी हसत नाहीये. कशाला केलंस असं?

नवरा : जळतो म्हणून! ऐकायचं होतं ना? चार वर्षं तिची गणितं मी घेतो, तुटलेले दप्तराचे बंद मी शिवतो. आणि दर दुसऱ्या रविवारी ती त्याच्या बोटीवरून येते, हातात एवढासा मासा, आणि जेवण संपेपर्यंत बाबांनी असं वळवलं नि बाबांनी तसं वळवलं. मी आपला काका. धक्क्यावर उभा असतो तेव्हा मनात येतं, आज याचं इंजिन बंद पडावं.

बायको : ती आत बसलेली असताना?

नवरा : नाही गं, धक्क्यालाच! निघायच्या आधी. आणि आज वर तू. झाकण काय, आवाज काय, सगळी त्याचीच विद्या. आपली बोट घ्यायला आलो तर हा आधीच येऊन बसलेला.

बायको : त्याची विद्या? अरे, त्यानं पहिली बोट घेतली ती निळा रंग आवडला म्हणून. खाडीच्या तोंडाशी गेली की हमखास बंद पडायची. हा गळ टाकून बसायचा. म्हणायचा, होईल सुरू, एवढं काय! लेक पोटात होती, सातव्या महिन्यात मी झाकणात डोकं घालून डिझेलची नळी फुंकलीय. मग रोज दुपारी मिस्त्रीकडे जाऊन बसायचे. त्यानं काही बघितलं नाही, म्हणून मला शिकावं लागलं.

नवरा : हे कधी बोलली नाहीस.

बायको : तू कधी विचारलंस? छताची लांबी विचारलीस.

नवरा : ...मग आता?

बायको : आता इंजिन गार होईपर्यंत बसायचं. तास लागो, दोन लागोत.

नवरा : आणि माझ्या हातून झालंच नाही सुरू तर?

बायको : तर दुसरी बोट बघू. बस.

(दलाल शेडमधून परत येतो.)

दलाल : काय वहिनी, दीड तास झाला. मिटलं का?

बायको : तुम्हाला मघाशी नको ते बोलले, ते मागे घेते. तू हात लाव रे. गार आहे?

नवरा : गार.

बायको : किल्ली अर्धी फिरव आणि तिथंच धर. दहा मोज, मग पूर्ण फिरव. घाई केलीस की रुसतं.

नवरा : ...आठ, नऊ, दहा. अरे! नाही झालं.

बायको : पुन्हा. मोज.

नवरा : ...नऊ. दहा.

दलाल : झालं! धूर बघा, आला नि गेला. घोड्यासारखं आहे इंजिन.

नवरा : दुसऱ्या झटक्यात झालं.

बायको : हो, आणि खरं झालं. हीच घेऊया.

नवरा : लेकीला सांगू नकोस हं, पहिल्यांदा चुकलं ते. तिला हे सगळं येत असेल.

बायको : तिला? तो किल्लीला हातही लावू देत नाही तिला. परवा तीच रडवेली होऊन सांगत होती.

नवरा : ...येता रविवार त्याचा, की आपला?

बायको : आपला.