बाळव्वाची फळी

बस, सुकुमार. बस खाली. आजच चेरमन झालास, गळ्यातला हार अजून सुकला न्हाई, आन् निघालास व्हय अंधारात मोरी बघायला? बॅटरी ठेव ती कोपऱ्यात. फळ्या दिवसाउजेडी टाकल्यात. मी सोता बघून आलोय. वस्तीवरची माणसं बी जागी हाईत. आज चरकाठानं कुणी बी जायचं न्हाई.

का म्हणतोस? सांगतो. ऐका. सरका जवळ. ह्या पावसात जाणार तरी कुठं हाईसा?

आता ह्ये पाव्हणं माणदेशातलं. त्येंना आमचं दुखणं ठावं न्हाई. तुमच्याकडं पावसासाठी माणसं देव पाण्यात घालून बसत्यात. आमच्याकडं रानातलं पाणी भाईर काढायला सोसायटी काढावी लागती! हसू नका. उसाला पाणी पाजून पाजून रानं फुगली. मीठ वर आलं. पांढरी फटक रानं, बाभळ सोडली तर काय उगवंना. मग गावानं निचरा सोसायटी काढली आन् वरच्या शिवारापासनं थेट नदीपतोर चर खणला. समद्यांच्या रानाचं खारं पाणी त्या चरात. जनावर तोंड लावत न्हाई त्या पाण्याला. कितीबी पाऊस पडू दे, जिभेवर मीठ राहतंच.

चर नदीला मिळतो तिथं मोरी. मोरीच्या खाचंत लाकडाच्या जाड फळ्या, एकीवर एक. नदी चढली की फळ्या टाकायच्या, म्हंजे नदी चरानं उलटी गावात येत न्हाई. नदी उतरली की फळ्या काढायच्या, म्हंजे रानातलं पाणी निघून जातं. एवढंच काम बगा सोसायटीचं. पर ही येळ चुकली की माणूस मरतंय. आन् मेलं बी.

बाळव्वा. रांडमुंड बाई. मोरीला लागून तिचं रान, समद्यात खोलगट. फळ्या पडल्या की तुंबलेलं पाणी पयलं तिच्या रानात. एका पावसाळ्यात नदी उतरली तरी फळ्या तशाच. बाळव्वा सोसायटीच्या दारात आली. ह्याच दारात. भिजून चिंब. म्हणली, "चेरमन, नदी खाली गेली वो. फळ्या काढा. माझं भात कुजाय लागलंय."

चेरमन व्हता आदगोंडा मगदूम. माणूस वाईट न्हवता, पर पावसाचा आळस आला त्येला. म्हणला, "उद्या सकाळी बघू, बाळव्वा."

ती म्हणली, "सकाळपतोर काय ऱ्हात न्हाई वो. एक माणूस तरी धाडा."

मेंबर हसलं. हसलं, बरं का! एकजण म्हणला, "तुझं रान दर साली बुडतंय, आजच काय नवं हाय?"

गेली बिचारी. एकलीच मोरीवर गेली. चरात उतरली, वरची फळी हातानं उचलाय लागली. फळी फुगल्याली, भिजल्याली. दोन गड्यांचं काम त्ये. जरा उचलली, फळी निसटली, आन् हात सापडला मधी. वरनं पाऊस. चरात पाणी चढतंय. हाका मारल्या असतील न्हवं तिनं? मारल्या असतीलच. त्या पावसात कोण ऐकणार? सकाळी माणसं गेली तवा पाणी तिच्या डोक्याच्या वर व्हतं. हुबीच्या हुबी मेल्ती. हात तसाच फळीत.

अजून बी आठवलं की मला लई राग येतो. असू दे.

पुढं ऐका. गोष्ट ही न्हाई. गोष्ट फुडची हाय.

मधी काय सालं गेली. आदगोंडाच चेरमन. त्येची थोरली लेक राजमती, तिला दिल्याली आपल्याच गावच्या खालच्या वस्तीवर, मोरीपासनं हाकेच्या अंतरावर. लेकीवर लई जीव त्येचा. त्या साली महापूर. नदी बगता बगता काठाला लागली. दुपारीच फळ्या टाकल्या, आदगोंडा सोता हजर व्हता. पर दिवे लागल्यावर त्येच्या मनानं घेतलं. फळी नीट बसली का न्हाई? एक फळी हलली तर नदी आत. आन् नदी आत आली की पयली बुडणार वस्ती. राजमती आन् तिचं तान्हं पोर तिथंच.

बायको म्हणली, "आवो, सकाळी जावा की."

त्यो म्हणला, "सकाळ म्हणून एकदा चुकलोय मी." घेतली पहार, घेतला कंदील, डोक्यावर इरलं. गाडीवाट लांबची, वस्तीवरनं वळसा घालून जाती. ह्यो निघाला चरकाठानं. जवळची वाट!

रात काळीकुट्ट. पाऊस नुसता कोसळतोय. एका अंगाला ऊस, एका अंगाला चर. बांधावर शेवाळ, पाय ठरंना. निम्म्या वाटंला आला असंल नसंल, तेवढ्यात मोरीकडनं हाक आली.

"फळी काढली होऽऽऽ!"

आता ही हाक तुमाला ठावी हाय. फळी टाकली न्हाईतर काढली की मोरीवरचा गडी हाक देतो, वरचा गडी ती उचलून फुडं देतो, चराच्या शेवटापतोर. आदगोंडाच्या काळजाचं पाणी झालं. नदी काठाला लागल्याली आन् फळी कुणी काढली? कुठल्या मुडद्यानं? त्यो वराडला, "टाक! फळी टाक!"

मोरीकडनं कोण तरी हसलं. बाईमाणूस.

पळाला. जीव खाऊन पळाला. पळतोय, पळतोय, मोरी येईना. एक पाईप लागला, वरच्या रानातनं चरात पाणी टाकणारा, तोंडाला फुटका. त्यो मागं टाकला. जरा फुडं गेला. परत त्योच फुटका पाईप! परत पळाला. परत त्योच! चकवा म्हणायचा तर चकवा माळावर लागतो, रानात लागतो. सरळ चराच्या काठाला चकवा? आवो, एका रेषेत खणलेला चर, त्यात माणूस चुकतोय कसा?

पर आदगोंडा डोक्याचा. म्हणला, वाट चुकंल, पाणी चुकणार न्हाई. पाणी जिकडं जातंय तिकडं नदी. उसाचं वाळकं पान तोडलं, कंदील खाली धरला, पान चरात टाकलं.

पान वर निघालं. गावाकडं!

ऐकताय न्हवं? गावाकडं. चराचं पाणी उलटं. म्हंजे नदी आत शिरली, फळी खरंच निघाली! बांधावरच मटकन बसला.

तेवढ्यात समोर उजेड. नेमू चौगुले. सोसायटीचा मेंबर, ह्येचा जोडीदार. हातात बत्ती. म्हणला, "चेरमन, बसलायसा काय? मी मोरीवरनंच आलोय."

"फळी? फळी निघाली का रं, नेमू?"

"फळी हाय की जागंला. त्योच घोटाळा झालाय. नदी सांजेलाच उतरली, आन् तुंबलेलं पाणी वस्तीत शिराय लागलंय. म्हणून उलटं जातंय पाणी. फळी काढाय पायजे, चेरमन. राजमतीच्या घरात गुडघाभर झालंय. चला बिगीबिगी!"

आदगोंडाला खरं वाटलं. का वाटू नये? असंच झाल्तं न्हवं बाळव्वाच्या येळंला! नदी उतरल्याली, फळ्या तशाच. उठला आन् नेमूच्या मागं निघाला. आन् बगा, आता फुटका पाईप एकदाच लागला. मोरी लगेच आली.

आन् नेमू न्हाई. बत्ती न्हाई. काय न्हाई.

नेमू त्या रातीला घरात तापानं फणफणत पडला व्हता, ह्ये आदगोंडाला मागनं कळलं. तवा कुठलं कळतंय? तवा त्येला फकस्त एक आवाज ऐकू आला. मोरीच्या आतल्या अंगानं, खाली पाण्यातनं.

"आप्पा!"

राजमतीचा आवाज.

"आप्पा, हात सापडला वो माझा. पाणी घरात आलं म्हणून फळी काढाय आलती मी. आप्पा, पाणी चढतंय!"

आता सांगा. तुमी काय केलं असतं? बाप हाय त्यो! कंदील ठेवला दगडावर आन् उतरला चरात. छातीला पाणी. चाचपत चाचपत फळीपाशी गेला. पाण्याच्या खाली, वरच्या फळीच्या सांध्यात, हात. खरंच हात! थंडगार. बांगड्या लागल्या बोटाला. त्या हातानं ह्येचं मनगट घट धरलं.

"आप्पा, सोडवा. लवकर सोडवा."

"व्हय बाळ, व्हय. भिऊ नगं. आलोय मी."

पहार घातली सांध्यात. अंगातला सगळा जोर लावला. फळी कुरकुरली. जरा वर आली. पाणी भवऱ्यागत फिराय लागलं, पर आत येतंय का भाईर जातंय काय उमगंना. अजून जोर लावला. पाय घसरला, आन् डोकं पाण्याखाली. घटाघटा पाणी नाकातोंडात.

गोड पाणी!

गोड, थंड, गाळानं भरल्यालं. नदीचं पाणी! चराचं पाणी असं नसतंय. चरात पाणी तुंबलंय, वस्तीत शिरलंय, तर त्ये खारं असाय पायजे. जिभेवर मिठाचा कण न्हाई. म्हंजे नदी उतरल्याली न्हाई. नदी फळीच्या पल्याड हुबी हाय, आन् ह्येनं केल्याल्या फटीतनं आत येतीया!

डोळं फसलं, कान फसलं, जीभ फसली न्हाई. त्येला कळलं समदं. पर कळून काय? पहार काढायची म्हंजे फळी पडणार. फळी पडणार त्या हातावर. आन् हात बोलतोय लेकीच्या आवाजात.

"आप्पा, पहार काढू नका वो. तुमच्या पाया पडते. आप्पा!"

आन् जर ती खरंच राजमती असली तर?

आवो, एकदा खऱ्या हाकंला गेला न्हाई त्यो माणूस. आता हाक खरी का खोटी, कुणाला इचारणार? अंधारात, छातीभर पाण्यात, एकला. तिकडं वस्तीवर झोपलेली सगळी माणसं, इकडं ह्यो हात. त्यो रडाय लागला. मोठ्यानं रडला. म्हणला, "बाळव्वा, माझं चुकलं गं. माझ्या लेकीचा आवाज काढू नगं."

हातानं मनगट आणखी आवळलं.

त्येनं डोळं झाकलं आन् पहार ओढली.

धाडकन फळी बसली. आन् जी किंकाळी उठली म्हणता! "आप्पाऽऽऽ!" नदीच्या पल्याडच्या गावात ऐकू गेली म्हणत्यात. मनगटावरची पकड सुटली आन् दुसऱ्या हातानं त्येचं धोतर धरलं, पायापाशी. खाली वडाय लागली. पाण्यात वडाय लागली. गळ्याला पाणी, हनुवटीला पाणी. धोतर फाटलं म्हणून वाचला! कासोट्यासकट सोडून दिलं. दगडाला नखं रुतवून वर आला. कंदील तिथंच, पहार तिथंच. चरकाठाकडं बघितलं सुदिक न्हाई. सरळ वस्तीकडं पळाला, गाडीवाटंनं.

वस्ती कोरडी. अंगणात पावसाचं डबकं, तेवढंच. घरात कुठलं पाणी न् कुठलं काय!

दार बडवलं. राजमतीच्या सासूनं दार उघडलं. उघडाबोडका व्याही बघून तिनं त्वांड फिरवलं, आतनं चादर फेकली.

"राजमती कुठाय? राजमती?"

"हाय की घरात. झोपल्याली. आत्ताच वराडत उठलीया, काय झालंय कळंना. लेकराला बी जवळ घेईना."

राजमती भाईर आली. चिमणीचा उजेड. उजवा हात डाव्या हातात धरल्याला. चारी बोटं काळीनिळी, नखातनं रगत. फळीखाली चेंगरल्यागत.

बापाकडं बघितलं तिनं. म्हणली, "आप्पा, मी केवढ्या हाका मारल्या. तुमी पहार का काढलीसा वो?"

बाप उंबऱ्यातच खाली बसला.

सकाळी माणसं मोरीवर गेली. नदी फळीच्या काठाला चार बोटं कमी. त्या रातीला फळी निघाली असती तर वस्तीवरचं एक माणूस हाती लागलं नसतं. सगळी म्हणली, चेरमननं गाव वाचवलं. हार घेऊन आली घरी! आदगोंडानं हार घेतला न्हाई. चेरमनकी सोडली. राजमतीची बोटं काय सरळ झाली न्हाईत. मिरजंला नेलं, कुठं कुठं नेलं. भाकरी थापता येईना पोरीला. आन् बापाशी बोलायची ती, च्या द्यायची, पर त्या हाताकडं त्येनं बघितलं की पदराखाली घ्यायची. मरूस्तोर त्यो तिच्या घरी गेला की चपला घालूनच बसायचा उंबऱ्याजवळ. आत गेला न्हाई कधी.

तर सुकुमार, बाबा, ध्यानात ठेव. मोरीवर जायचं तर दिवसा, आन् दोघंतिघं मिळून. रातीची येळ आलीच तर गाडीवाटंनं, वस्ती जागी करून. आन् रानात पाणी तुंबलं म्हणून कुणी बी दारात आलं, गरीब येऊ दे, वेडं येऊ दे, तर आधी उठायचं आन् मग बोलायचं. चरकाठानं अंधारात जायचं न्हाई. तिथं आपल्या माणसाच्या आवाजात हाक येती, आन् तू काय बी केलंस तरी कुणाचा तरी हात फळीखाली जातोच.