कचरा काढला

चहाचा घोट गिळून घे आधी, नाही तं ठसका लागन. तवा मी ढाणकीकडं कापसाच्या एका जिनिंगात कॉम्प्युटर पाहत होतो. तो लय हळू चाले, म्हनून मालक म्हने, "जुना कचरा काढून टाक." मी सोताले मोठा हुशार समजत होतो. तीन वर्सांत ज्या शेतकऱ्यायनं कापूस आनला नाही, त्यायची नावं एका झटक्यात उडवली. बॅकअपबी जुनाच दिसला, म्हनून तोबी उडवला. कॉम्प्युटर असा पळे का बस!

सीझन लागला अन गेटवरून वॉचमननं हाक मारली, "साहेब, या बुवाचं नाव यादीत नाही, अन बुवा हटून नाही राह्यला!"

जाऊन पाह्यतो तं कापसाच्या गाडीवर आमचे बाबा! बोंडअळीले कटाळून तीन वर्स त्यायनं नुसतं सोयाबीन पेरलं होतं. घरातलीच गोष्ट, पन मले आठवन तं पाह्यजे!

"काहून रे, माहं नाव कुठं गेलं?"

"बाबा, ते... कचरा काढताना गेलं."

बाबा सगळ्यायच्या समोर म्हनाले, "पह्यले तुमचा ग्रेडर भाव पाडाले माह्या कापसात कचरा काढे. यंदा कापूस साफ आनला, तं पोरानं मलेच कचऱ्यात काढलं!"