अनलॉकच्या वरून जेलब्रेक

...आन् मंग तो मोबाइलवाला भुजंग मला म्हणतो कसा, "काका, फोन वाचंल, पण आतलं समदं पुसलं जाईल!" समदं? आरे, मला नुसतं सिम चालायला पायजे होतं!

तुम्हाला सांगतो, मी मच्छिंद्र, धावड्याचा. माझी लेक, दैवशाला तिचं नाव, कॅनडात नर्स हाये. तिनं तिचा भारी फोन धाडला, म्हणली, आबा, दर रविवारी नातीचं तोंड बघा! पण फोन तिथल्या सिमकंपनीशी बांधलेला, आपलं सिम घेतच न्हाई. मंग लेकीनंच कंपनीला सांगून अनलॉक करून घेतला. मी मस्तगडला भुजंगच्या मोबाइलच्या दुकानात गेल्तो, त्यानं सिम टाकलं, दोन मिन्टात रेंज! इथंच उठून घरी यायचं का न्हाई? मला नुसतं सिम चालायला पायजे होतं!

पण सवय हो... भाजी घेतली की कोथिंबीर मागायची! निघालंच तोंडातून, "वरून काय देता?"

"काका, फुकटात जेलब्रेक करून देतो!"

"ते अन् अनलॉक एकच न्हाई का?"

"न्हाई! अनलॉकनं कोणतंबी सिम चालतं. जेलब्रेक म्हंजी फोन बनवणाऱ्यानं आत जी कुलपं लावलीत, ती तोडायची. मंग कोणतंबी अ‍ॅप टाका!"

"फुकट?"

"बिलकुल!"

"कर मंग जल्दी!"

आता कुलूप चोरासाठी असतं, हे मला शेतातल्या खोलीचं कळतं, फोनचं कळू नये? बँकेचं अ‍ॅप म्हणे, ह्या फोनवर चालणार न्हाई. अपडेट बंद. वॉरंटी गेली. वर मी पावसाचं एक फुकट अ‍ॅप टाकलं, तर ते माझ्या नावानं समद्यांला मेसेज धाडून राह्यलं! वडीगोद्रीचे व्याही विचारतात, "मच्छिंद्रराव, लॉटरी लागली म्हणं?" आन् शनिवारी फोन चालू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकला, पुढं सरकंना!

आत काय होतं माहिताय? नात पह्यल्यांदा "आबा" म्हणली, ते! चालू कॉलात मीच रेकॉर्ड केल्तं, दुसरीकडं कुठंच न्हाई. बायको, सोनूबाई, म्हणे, "घ्या अजून फुकट!"

भुजंग विचारतो, "पुसू का?" त्यात नातीचं "आबा" हो. पण उद्या रविवार... म्हणलं, "पुस."

झाला फोन पहिल्यासारखा. सिमबी चालतंय, बँकबी चालती, फक्त ते "आबा" गेलं. भुजंगनं फोन हातात दिला, आन् खरं सांगतो, एवढं होऊनबी... तोंड माझंच, पण ऐकतंय कुठं?

"बरं... वरून काय देता?"