जन्मगाव : इतर

उदयसिंह : रागावलीस व्हय? कटवडा घे. अमेरिकेकडनं मदत आली समज.

क्रांती : नको. सकाळी भर सभेत पाटी वर करून मला गप्प बसवलंस, आणि आता वडा?

उदयसिंह : मी कुठं बसवलं? नियमानं बसवलं. आज तू क्रांती न्हाईस, तुवालू हाईस, आणि मी अमेरिका. तुवालूनं 'मी' म्हणायचं न्हाय, 'माझं' म्हणायचं न्हाय. 'तुवालूची अशी भूमिका आहे' असं म्हणायचं. आणि तू काय म्हणालीस? 'मी काय सांगतो बघा.' आख्खं सभागृह हसलं.

क्रांती : आमच्याकडं बायका 'सांगतो'च म्हणत्यात.

उदयसिंह : आमच्याबी घरात म्हणत्यात. आई रोज म्हणती, 'मी जेवलो.' पण आई संयुक्त राष्ट्रांत जात न्हाई.

क्रांती : हीबी संयुक्त राष्ट्रं न्हाईत. स्पर्धेसाठी मांडलेली लुटुपुटूची सभा हाय. कॉलेजचा हॉल, आणि त्यातबी पंखा एकच फिरतोय.

उदयसिंह : म्हणून तर समजावायला आलोय. स्नेहल मॅडम अध्यक्ष हायत, पण त्या आपण होऊन कुणाला अडवत न्हाईत. कुठल्यातरी देशानं पाटी वर करून हरकत घ्यायला लागती. पहिल्या हरकतीला ताकीद, दुसरीला माईक बंद. तुझी एक झालीया. जेवणानंतर तुझं एकच मिनिट हाय. तुझी ती दुरुस्ती मागं घे आणि माझ्या ठरावाला मत देऊन टाक. सगळ्यांचं भलं.

क्रांती : तुझं भलं.

उदयसिंह : माझं तर हायच की. ठराव जसाच्या तसा मंजूर झाला तर पहिला नंबर मी. दुरुस्ती घुसली की माझे गुण गेले, चीनवाला शिवकुमार टपलाय. दोन वर्षं दुसरा नंबर काढलोय मी. पप्पा म्हणाले, यंदा ढाल न्हाई आणलीस तर भाषणं बंद, सरळ पाईपांच्या दुकानात बस.

क्रांती : मग बस की. पाईपा काय वाईट असत्यात?

उदयसिंह : ए टॉवेल, चेष्टा नको.

क्रांती : टॉवेल म्हणू नको. पाटीवर तुवालू लिवलंय.

उदयसिंह : बरं, तुवालू. माझ्या ठरावात वाईट काय हाय सांग. समुद्र चढला, तुमची बेटं बुडाली, तर तुमच्या अकरा हजार माणसांना मोठे देश जागा देणार. घर देणार, शाळा देणार. आणि तू म्हणतीस, 'बुडालेल्या देशाचं नाव आणि सभेतली खुर्ची कायम राहील.' जमीनच न्हाय तर खुर्ची ठेवणार कशावर?

क्रांती : तू वाचलंयस तरी का काय तुवालूचं?

उदयसिंह : वाचलंय की, हे बघ. नऊ बेटं, मूळची वस्ती आठांवर. सगळ्यात उंच जागा साडेचार मीटर, म्हंजे आमच्या घरासमोरचा नारळसुद्धा उंच. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपर्यंत ब्रिटिशांची वसाहत...

क्रांती : मीबी वसाहतीतलीच.

उदयसिंह : कुणाच्या? ब्रिटिशांच्या?

क्रांती : धरणाच्या. इचलकरंजीच्या अलीकडं रस्त्यावर पाटी हाय, 'धरणग्रस्त वसाहत'. एस.टी.त कंडक्टर विचारतो, 'वसाहत का?' शाळेत बाई म्हणायच्या, 'ती वसाहतीतली क्रांती.' आम्हाला गावच न्हाय. वसाहत हाय.

उदयसिंह : आणि मूळ गाव?

क्रांती : पाण्याखाली. गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगरात हुतं. बाबा सात वर्षांचा हुता तवा उठवलं. आता तुला खोटं कशाला सांगू, सरकारनं समदं दिलं. जागा दिली, घराला पैसं दिलं, शाळा दिली. तुझ्या ठरावात हाय ते समदं.

उदयसिंह : मग अडलं कुठं?

क्रांती : माझ्या दाखल्यासाठी गेल्या महिन्यात बाबा आणि मी कचेरीत गेलतो. तिथल्या बाई चांगल्या हुत्या, बसायला खुर्ची दिली. बाबाला जन्मगाव विचारलं. बाबानं सांगितलं, जांभूळघोल. बाईंनी संगणकाच्या यादीत शोधलं. वरनं खाली, खालनं वर. बाबा म्हणतोय, 'ज मध्ये बघा की.' त्या ज मध्येच बघत हुत्या. शेवटी म्हणाल्या, 'काका, इतर टाकते. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.'

उदयसिंह : आणि बाबा?

क्रांती : 'बरं' म्हणाला. काय म्हणणार? दाखला मिळाला. त्यावर छापलंय, वडिलांचे जन्मगाव, इतर. येताना एस.टी.त बाबा हसायलाच लागला. म्हणाला, 'क्रांते, मी इतरात जन्मलो की गं.' त्यो हसत हुता आणि मला रडू आवरंना.

उदयसिंह : आयला.

क्रांती : म्हणून खुर्ची मागतोय मी. बसायला न्हाय. यादीत नाव राहावं म्हणून.

उदयसिंह : भारी हाय गं हे. खरंच भारी हाय. पण आत चालायचं न्हाय. हे तुझं हाय, तुवालूचं न्हाय.

क्रांती : ठाऊक हाय. तुवालूच्या तोंडानंच सांगणार. आठ दिवस घोकलंय, 'मी' कुठंबी न्हाय त्यात.

उदयसिंह : आणि जीभ घसरली तर? मी पाटी वर करणार हां, आधीच सांगतो. दोस्ती वड्यापुरती.

क्रांती : कर की. तुझं कामच हाय ते. फकस्त एक सांगतो. बाबा आलाय. यंत्रमागावरची पाळी बदलून आलाय. दाराजवळ बसलाय बघ, चौकड्याचा शर्ट. त्याच्यासमोर माईक बंद झाला तर त्याला वाटंल, पोरीनं कायतरी वंगाळ केलं.

उदयसिंह : असलं सांगू नको बाई. अमेरिकेला असलं सांगायचं नसतं.

क्रांती : दे तो वडा हिकडं.

(घंटा होते. दोघं आत आपापल्या पाटीमागे जाऊन बसतात. अध्यक्षांच्या खुर्चीवर स्नेहल मॅडम.)

स्नेहल मॅडम : शांतता, शांतता. मागच्या रांगेतला फ्रान्स, जेवण संपलेलं आहे. आता तुवालूची दुरुस्ती. वेळ एक मिनिट. सकाळी एक ताकीद मिळाली आहे, तुवालू, ते लक्षात असू द्या.

क्रांती : सन्माननीय अध्यक्ष, अमेरिकेनं ठरावात घर दिलं, शाळा दिली. तुवालू त्याबद्दल आभारी आहे. तुवालू या शब्दाचा अर्थ आहे, एकत्र उभे राहिलेले आठ. उद्या बेटं बुडाली आणि माणसं आठ देशांत वाटली, तर एकत्र कोण उभं राहणार? पायाखाली जमीन नसली तरी माणसाला नाव लागतं. जगाच्या यादीतनं ते नाव गेलं, तर तुवालूची पोरं कुठल्यातरी कचेरीत जातील. कारकून विचारंल, वडील कुठले? पोरगी नाव सांगंल. ते यादीत नसंल. कारकून म्हणंल, 'इतर' टाकू का? सन्माननीय अध्यक्ष, 'इतर'मध्ये कुणी जन्मत न्हाय. माझा बाबा 'इतर'मध्ये जन्मला न्हाय! त्याच्या गावाला नाव हुतं...

स्नेहल मॅडम : तुवालू, थांबा. घड्याळ थांबवा. 'माझा' हा शब्द आला.

क्रांती : चुकलं, मॅडम. तोंडातनं गेलं.

स्नेहल मॅडम : कुणाची हरकत? चीनचा हात वर आहे का? नाही, ते डोकं खाजवताहेत. अमेरिका, तुमची पाटी वर आहे. बोला. हरकत घेतलीत तर मला माईक बंद करावा लागेल.

उदयसिंह : अमेरिकेला माहीत आहे, मॅडम.

स्नेहल मॅडम : मग?

उदयसिंह : पाटी सवयीनं वर गेली, मॅडम. सकाळपासनं अमेरिका बोलतेय, चीन बोलतोय, फ्रान्स बोलतोय. सगळं पाठ केलेलं. ही एकटी खरं बोलली. अमेरिकेची हरकत न्हाय.

स्नेहल मॅडम : 'नाही' म्हणा.

उदयसिंह : न्हायच, मॅडम.

स्नेहल मॅडम : दुरुस्ती मंजूर झाली तर तुमचा ठराव बदलेल, अमेरिका. गुणही जातील. विचार केलाय ना?

उदयसिंह : केलाय. अमेरिका पाईपांच्या दुकानात बसंल. फक्त एक विनंती आहे. आजच्या सभेच्या नोंदीत त्या गावाचं नाव यावं.

स्नेहल मॅडम : नियमात हे कुठं बसतं, मला माहीत नाही. पण लिहिते. तुवालू, गावाचं नाव सांगा.

उदयसिंह : मोठ्यानं सांग गं. दारापर्यंत जाऊ दे.

क्रांती : जांभूळघोल.