अंधारातल्या फ्रीजरचं बिल

...आणि वर मलाच विचारतात, "लाईट नव्हती हे कशावरून?" कशावरून म्हणजे काय? नसलेली लाईट दाखवायची कशी हो माणसाने, मुठीत धरून? नव्हती म्हणजे नव्हती!

तुम्हाला सांगतो, माझं दुधाचं दुकान. एक शटर, एक काउंटर आणि मागे फ्रीजर, अर्धं दुकान अडवून बसलेला. ते वादळ झालं ना, त्यात गल्लीच्या तोंडाशी झाड पडलं, झाड तारांवर, तारा विजेच्या डीपीवर, डीपीने एकदाच काय तो आवाज काढला आणि अख्खी गल्ली गुडूप. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता आठवडा गेला की हो! आत दूध, दही, लोणी, आइस्क्रीम... मी फ्रीजर उघडला आणि... नको, तुम्ही जेवून आला असाल. एवढंच सांगतो की मांजर आलं होतं, दारातूनच परत गेलं. बायकोने बजावलं, घरात यायचं तर आधी अंगणातल्या नळाखाली बसायचं, आणि मी बसलो, मुकाट बसलो, कारण माझा मलाच वास सहन होईना. सगळा माल गटारात. मेव्हण्याकडून उसने घेऊन नवा माल भरला. उसने कसे मिळतात मेव्हण्याकडून, ते आपण पुन्हा कधीतरी बोलू, आधीच तोंड कडू झालंय.

आणि मग बिल आलं. अहो, त्या बिलाप्रमाणे माझा फ्रीजर महिनाभर अखंड चालू! मी पळत पळत वीज कचेरीत. तिथे काउंटरवर एक बाई, मान खाली, नजर स्क्रीनवर, आवाज असा की झोपेत बोलतायत. "रीडिंग घेता आलं नाही... वाटेत झाड होतं... म्हणून सरासरी लावलीय... गेल्या उन्हाळ्याची." आता मला सांगा, झाड पडलं हे यांना मान्य. त्या झाडामुळे यांचा धडधाकट माणूस मीटरपाशी येऊ शकला नाही, हेही मान्य. मग त्याच झाडामुळे लाईट येऊ शकली नाही, एवढंच तेवढं अमान्य? मी म्हटलं, बाई, नव्हती म्हणजे नव्हती! तर म्हणतात, "तुमची तक्रार दिसत नाही. तक्रार नाही म्हणजे लाईट होती."

तक्रार कशी दिसेल? आमच्या गल्लीत तक्रार करायचं काम मास्तरांचं. म्हणजे वरच्या मजल्यावरचे, निवृत्त. गटार तुंबलं, मास्तर. पाणी आलं नाही, मास्तर. कारण त्यांची भाषा शुद्ध, आवाज खणखणीत आणि वेळ रग्गड. आम्ही बाकीचे नुसते मागे उभं राहून माना डोलावतो, वर्षानुवर्षं असंच चाललंय. तर मास्तरांनी फोन केला, "मी समस्त रहिवाशांच्या वतीने बोलत आहे," वगैरे सगळं झालं. पलीकडून विचारलं, ग्राहक क्रमांक? मास्तरांनी दिला. कुणाचा? स्वतःचा! दुसऱ्याचा कुठून पाठ असणार? झालं! कचेरीच्या हिशेबी अख्ख्या गल्लीत अंधार फक्त मास्तरांच्या घरात. आम्ही सगळे त्यांच्या आजूबाजूला झगमगाटात बसलेलो. मास्तरांना सूट मिळाली, ती दाखवायला ते खाली आले, "अन्याय आहे हो तुमच्यावर," म्हणाले आणि अर्धा लिटर दूध उधार घेऊन गेले.

मी पुन्हा कचेरीत. म्हटलं, येऊन रीडिंग तरी घ्या. तर आधी बिल भरा, मग वाद घाला, असा नियम. शनिवारपर्यंत भरलं नाही तर कनेक्शन कापणार. कापणार! म्हणजे नवा माल पुन्हा सडणार. एकदा सडला तो निस्तरला हो, पण पुन्हा सडला तर शटर खाली ओढायचं आणि मेव्हण्याच्या दारात जाऊन उभं राहायचं.

त्या संध्याकाळी फ्रीजर पुढे ओढून झाडत होतो, तर मागे एक पिशवी सापडली. त्या आठवड्यातली. दुधाची. आता दुधाची कसली, टम्म फुगलेली, हिरवट, आत काहीतरी हलतंय असं वाटावं अशी. बायको ओरडली, फेका ती घाण. मी नाही फेकली. डब्यात घातली, दुसऱ्या दिवशी थेट कचेरीतल्या वरच्या साहेबांच्या टेबलावर, पंख्याखाली. म्हटलं, "साहेब, हे दूध चालू फ्रीजरमधलं आहे, असं तुमची कचेरी म्हणते. घ्या, चहा टाका."

साहेब म्हणाले, हे काय आहे, आणि बोट लावलं. नको होतं लावायला. फुटली ना! टेबल, फायली, साहेबांची बाही... तुम्हाला सांगतो, लोक जिन्याकडे पळाले. ती काउंटरवरची बाई, जिने इतक्या दिवसांत मान वर केली नव्हती, तिने केली. साहेब नाकाला रुमाल लावून एकच म्हणत होते, "नव्हती! लाईट नव्हती! मान्य! आणा इकडे, सही करतो!" मी म्हटलं, तेच तर सांगत होतो, नव्हती म्हणजे नव्हती.

जिंकलो, असं वाटलं ना? मलाही वाटलं. नवीन बिल आलं. त्या आठवड्याचा वापर वजा, अगदी चोख. आणि खाली एक नवी ओळ, पुनर्जोडणी आकार. ती धरून बेरीज पहिल्या बिलापेक्षा जास्त! गेलो. बाई म्हणाल्या, "लाईट बंद होती हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग ती चालू कुणी केली? आम्ही. त्याचे पैसे नकोत?" शनिवार उद्यावर आलेला. भरले. गुमान भरले.

परवा जरा वारा सुटला आणि गेली की हो लाईट पुन्हा. मी काळोखात फ्रीजरला पाठ टेकून बसलोय, तेवढ्यात बॅटरीचा झोत आला, मागून मास्तर. "आता सगळ्यांचे क्रमांक लिहून घेतो आहे. तुमचीही गेली ना लाईट?"

मी म्हटलं, "नाही हो मास्तर. माझी आहे."