दांडी सोडली नाही

उत्तर फिनलंडमधल्या इवालोच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी आज्या बोलत होत्या.

"आउने, हेलसिंकीची मंडळी गेली का गं?"

"संपली हिवाळी सुट्टी. आत्ताच विमानात बसवून आले. आमच्या आइलाचं कळलं का तुला?"

"नात ना? काय केलं तिनं?"

"वळणावर कुत्र्यांची घसरगाडी उलटली. बाप गाडीची दांडी सोडून तिथंच बर्फात लोळला. ही आठ वर्षांची पोर मात्र दांडी धरून पोटावर फरफटत गेली. तोंडात बर्फ गेला, पण कुत्री थांबेपर्यंत सोडलं नाही!"

"शिकवलं कुणी?"

"मी! पडलीस तर पड, गाडी सोडायची नाही."

"आणि जावईबापू?"

"ते आले मागून अर्धा किलोमीटर चालत. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, 'आत्ता पुढं गेली ना, ती माझी मुलगी!'"